पाठीचा कणा : घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचा मजकूर. वक्ते अस्थिरोगतज्ज्ञ आहेत.)



भजन, नाटुकली आणि रांगोळी स्पर्धा यांच्या मधोमध मान-कंबरेच्या दुखण्यावर व्याख्यान ठेवण्याचे धाडस मंडळाने केले, त्याबद्दल आभार मानतो. रात्री नऊ वाजता एवढी मंडळी बसून आहेत, यावरून विषय किती जणांच्या जिव्हाळ्याचा आहे ते दिसतेच आहे.

बीरगांव हे कष्टकऱ्यांचे गाव. उरला, सिलतरा, भनपुरी इथले कारखाने म्हणजे आपले अन्नदाते. लोखंड उचलणारे, गाडी भरणारे, भट्टीसमोर वाकून काम करणारे, ट्रक चालवणारे आणि दिवसभर संगणकासमोर बसून हिशेब करणारे, असे सगळे आज इथे आहेत. अशा गावात कंबर धरली की हजेरी बुडते आणि हजेरी बुडली की किराणा अडतो. मुंबई-पुण्यात पाठदुखी हा गप्पांचा विषय असेल. इथे तो पोटाचा विषय आहे.

आपल्या भाषेनेही पाठीला मोठा मान दिला आहे. मदत करणाऱ्याला आपण पाठीराखा म्हणतो, आधाराला पाठबळ म्हणतो, धाकट्या भावाला पाठचा भाऊ म्हणतो. न वाकणाऱ्या माणसाला ताठ कण्याचा म्हणतो. पण खऱ्या कण्याची आठवण आपल्याला तो दुखल्यावरच येते.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. मान आणि कंबर दुखणाऱ्या बहुतेक माणसांना मोठ्या तज्ज्ञाची गरजच नसते. पण थोड्या माणसांना ती असते, आणि ती फार तातडीची असते. दुर्दैवाने आपल्याकडे उलटे घडते. साधी उसण भरलेला माणूस एमआरआयचा कागद घेऊन चार डॉक्टरांकडे फिरतो आणि ज्याची नस खरोखर दबली आहे तो मालिश करून घेत घरी बसतो. हा फरक ओळखता आला तर आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.

आधी कणा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कंबरेत ५. त्याखालचे ५ एकमेकांना जुळलेले आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. मानेचे पहिले दोन मणके सोडले तर पुढे प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. अशा २३ चकत्या आहेत. चकती कशी असते हे समजायला आज उकडीच्या मोदकाचे उदाहरण सोपे पडेल. बाहेर चिवट पारी आणि आत मऊ सारण. मोदक एका बाजूने दाबला तर दुसऱ्या बाजूला पारी चिरते आणि सारण बाहेर डोकावते. चकतीचेही तसेच होते. बाहेर आलेला तो गर शेजारून जाणाऱ्या नसेला लागला की कळ नितंबातून मांडीत, मांडीतून पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात.

मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुपका असतो, म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात. पायांची शक्ती, लघवी आणि शौचावरचा ताबा या झुपक्यावर अवलंबून आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एका शब्दाबद्दल बोलतो. रोज चार जण तरी मला सांगतात, "डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे." जणू दोन विटांमधला सिमेंट निघून गेला आणि भिंत आता पडणार! मंडळी, एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमध्ये जी मोकळी जागा दिसते तिथे चकती असते. चकती एक्स-रेत उमटत नाही, म्हणून जागा रिकामी वाटते. ही जागा प्रत्येकाला असते आणि असायलाच हवी. वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते, ती थोडी बसते आणि ती जागा उलट कमी होते. "गॅप कमी झाला आहे" या वाक्यातला "कमी" शब्द डॉक्टरांच्या खोलीतच राहतो आणि "गॅप" तेवढा रुग्णासोबत घरी येतो.

एमआरआयचेही तेच. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा त्यात विचार होता. विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, तर ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होते. चकती फुगलेली असणे विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. लक्षात घ्या, यांपैकी कुणालाच दुखत नव्हते. म्हणजे केस पांढरे होतात, कातडीला सुरकुती पडते, तशी चकतीही वयात येते. एमआरआय ही फार उपयोगी तपासणी आहे, पण ती रुग्णाच्या तक्रारीशी आणि हातापायांच्या तपासणीशी जुळली तरच तिला अर्थ आहे. उपचार माणसावर करायचा असतो. फिल्मवर उपचार करू नये आणि करूनही घेऊ नये.

साधारण कोणती दुखणी आपल्याला दिसतात? सगळ्यात जास्त म्हणजे स्नायू आणि बंधांचा ताण, ज्याला आपण उसण भरणे, लचक किंवा चमक म्हणतो. माणूस अक्षरशः वाकडा होतो, पण धोका नसतो. बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत बरे वाटते. दुसरे, चकती सरकून होणारी सायटिका. ही बहुधा तिशी-चाळिशीत, आणि बहुतेकांची शस्त्रक्रियेवाचून सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. तिसरे, साठीनंतर नसांची वाट अरुंद होणे. हे आजोबा दहा मिनिटे चालले की पाय भरून येतात, ओट्यावर वाकून बसले की मोकळे होतात, सायकल मात्र आरामात चालवतात. चौथे, मानेची झीज. यात मान आखडते, कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात.

आणि एक आजार तरुणांचा. पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा पहाटे कंबर आखडून उठतो, अर्धा-पाऊण तास हालचाल केल्यावर मोकळा होतो, विश्रांतीने दुखणे वाढते आणि कामाने कमी होते. असे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल तर तो आळस नाही. तो अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा संधिवात असू शकतो. वेळेत औषध मिळाले तर कणा गोठण्यापासून वाचवता येतो. अशा मुलाला "कामाची चोरी करतो" म्हणून बोलू नका, संधिवाततज्ज्ञाकडे न्या.

आता उपचारांकडे येऊ. जुनी समजूत अशी की कंबर धरली की कठीण फळीवर पंधरा दिवस झोपायचे. १९९५ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरात तिथल्या पालिका कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. कंबर दुखणाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला सांगितले की जेवढे सहन होईल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर तिसरा गट बरा झाला. म्हणून मी सांगतो, एखादा दिवस पडून राहावेसे वाटले तर राहा, पण नंतर उठा, घरात फिरा, शेक घ्या, डॉक्टरांनी दिलेली साधी वेदनाशामक गोळी थोडे दिवस घ्या. ओझे मात्र उचलू नका. कंबरेचा पट्टा कामापुरता चार दिवस ठीक आहे. सहा महिने बांधला तर स्नायूच आळशी होतात.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर हलकेच लाथ मारून घेतात. इथे छत्तीसगडमध्ये बैगाकडे नेतात, कुणी नस बसवणाऱ्याकडे जातात. ती उसण काही दिवसांत आपोआप बरी होणारच असते, त्यामुळे श्रेय पायाळूला मिळते. श्रद्धेवर मी टीका करणार नाही. पण दोन गोष्टी हात जोडून सांगतो. मानेला झटका देऊन कडकड आवाज काढून घेऊ नका, न्हाव्याकडेही नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो आणि काही वर्षांनी हाडे पोकळ होऊन मणका दबतो, साखर वाढते.

इथवरचे ऐकून आपण निर्धास्त झाला असाल. आता मात्र कान देऊन ऐका, कारण धोक्याच्या खुणा सांगतो आहे. शक्य असेल तर घरी जाऊन कागदावर लिहून ठेवा.

पहिली खूण : लघवी अडणे, नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे किंवा बसण्याच्या जागेला, जिथे सायकलची सीट लागते तिथे, बधिरपणा येणे. याचा अर्थ अश्वपुच्छ दबले आहे. त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. पहिल्या २४ ते ४८ तासांत दाब काढला तर ताबा परत मिळण्याची आशा जास्त असते.

दुसरी खूण : पायाचा पंजा वर उचलता न येणे, पाय घासत चालणे किंवा हाताची पकड सुटणे.

तिसरी खूण मानेची, आणि ती फार गुपचूप येते. शर्टाचे बटण लागत नाही, मंगळसूत्राचा आकडा अडकवता येत नाही, नोटा मोजताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मानेत दुखतही नसते, म्हणून घरचे म्हणतात, वय झाले. हा मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही, पण वेळेत शस्त्रक्रिया केली तर आजार तिथेच थांबवता येतो.

चौथी खूण : पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, भूक मरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्या देशात अशा वेळी मणक्याचा क्षयरोग आधी आठवावा. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७९ साली त्याचे वर्णन केले म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. यात खोकला असेलच असे नाही, त्यामुळे क्षयाची शंका कुणाला येत नाही. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मणक्यासाठी ती वर्षभर किंवा त्याहून अधिक घ्यावी लागतात आणि मध्येच सोडायची नसतात. वेळेत सुरू केली तर बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

पाचवी खूण : उंचावरून पडणे, अपघात किंवा साठीनंतर घरातल्या घरात घसरून अचानक पाठ धरणे. अपघातातल्या माणसाला हातपाय धरून झोळीसारखा उचलू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. सहावी : पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखी.

पहिल्या खुणेबद्दल एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बत्तीस वर्षांचा एक लोडर आला. ओझे उचलताना कंबरेत कळ आली, दोन्ही पायांत उतरली. कामावर इंजेक्शन मिळाले. तिसऱ्या दिवशी दुखणे एकदम कमी झाले. घरात सगळे खूश. पण त्याच दिवसापासून त्याला लघवीची जाणीव होत नव्हती. लाजेने त्याने बायकोलाही सांगितले नाही. सहाव्या दिवशी पोट फुगले तेव्हा आणले. दुखणे कमी झाले होते, कारण नसच बधिर झाली होती. आम्ही शस्त्रक्रिया केली. आज तो चालतो, छोटे दुकान चालवतो. पण लघवीसाठी त्याला अजून नळी वापरावी लागते. तो पहिल्या दिवशी आला असता तर कदाचित हे टळले असते. म्हणून माझी विनंती आहे, या गोष्टीची लाज बाळगू नका. आयांनी मुलांना, बायकांनी नवऱ्यांना स्पष्ट शब्दांत विचारावे.

तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण, हाही प्रश्न लोकांना पडतो. कण्याची शस्त्रक्रिया अस्थिरोगतज्ज्ञ करतात आणि न्यूरोसर्जनही करतात. ज्याने कण्याचे खास शिक्षण घेतले आहे आणि जो हे काम नियमित करतो तो योग्य. पण सुरुवात आपल्या घरच्या डॉक्टरांपासून करा. धोक्याची खूण नसेल तर पुढची पायरी फिजिओथेरपिस्टची. सहा आठवडे नीट उपचार करूनही पायात कळ राहिली तर तज्ज्ञाचा सल्ला, एमआरआय आणि गरजेनुसार नसेजवळ द्यायचे इंजेक्शन. शस्त्रक्रिया ही शेवटून पहिली पायरी. धोक्याची खूण असेल तर मात्र मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट वर जायचे.

आपले भाग्य असे की यासाठी आता घरदार विकून मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. रायपूरला १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, म्हणजे आपले मेकाहारा, आहे. टाटीबंधला एम्स आहे, जिथे २०१२ पासून विद्यार्थी शिकत आहेत. डीकेएस रुग्णालयात न्यूरोसर्जरीची सोय आहे. आयुष्मान कार्ड आणि कामगारांचे ईएसआय कार्ड घरात कुठे ठेवले आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. रात्री बारा वाजता कपाट उसकटायची वेळ येऊ नये.

"ऑपरेशन केले की पाय जातात" ही भीती अजून घराघरांत आहे. सरकलेल्या चकतीमुळे सायटिका होते आणि शस्त्रक्रियेने ती जाते, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिले. तेव्हा मोठी जखम करावी लागे. आता सूक्ष्मदर्शकातून इंच-दीड इंचाच्या छेदातून दबलेली नस मोकळी करतात आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतात. जंतुसंसर्ग होणे, नसेच्या आवरणाला छिद्र पडणे, चकती पुन्हा सरकणे हे धोके आहेतच, ते नाकारू नयेत. पण योग्य कारणासाठी, योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया पाय वाचवते. पाय जातात ते बहुधा उशिरामुळे.

आणि घाईही नको. २००७ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना थांबवून औषधोपचार दिला. न सोसणाऱ्या ३९ टक्क्यांची नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के बरे झाले होते. म्हणजे शक्ती जात नसेल तर थांबायचे की नाही हे रुग्णाने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारा. माझी तक्रार आणि एमआरआय जुळतात का? शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? स्क्रू बसवणार असाल तर ते का लागतात? मला कामावर कधी जाता येईल? हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले तरी रागावत नाही.

या क्षेत्रात मराठी माणसांनी मोठे काम केले आहे, तेही सांगितले पाहिजे. गोव्याचे सुपुत्र डॉ. प्रेमानंद रामाणी विलायतेत शिकून परत आले आणि मुंबईच्या सायन रुग्णालयात त्यांनी कण्याच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतले. ‘ताठ कणा’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव, आणि त्याच नावाचा मराठी चित्रपट २०२५ मध्ये आला. उतारवयातही धावणारा हा डॉक्टर. आपल्या गावी त्यांनी मॅरेथॉन सुरू केली, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरे उदाहरण तर आपल्या शेजारचे आहे. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. शोधग्राममधल्या त्यांच्या दवाखान्याला आपल्या बस्तरच्या दंतेश्वरी मातेचे नाव आहे. शेतात वाकून काम करणाऱ्या आदिवासी आणि शेतकरी माणसांत कंबरदुखी किती आहे हे त्यांनी पाहिले. मुंबईचे स्पाइन सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे सहकारी तिथे जाऊन रुग्ण तपासू लागले, शस्त्रक्रिया करू लागले. २०२१ साली या मंडळींनी शास्त्रीय नियतकालिकात मांडले की खेड्यातली पाठदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या मदतीने त्यावर उपाय शोधता येईल. रोवणी करणाऱ्या बाईची कंबर हीसुद्धा आरोग्यसेवेची जबाबदारी आहे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. बीरगांवच्या लोडरची कंबरही तशीच आहे.

म्हणून दोन शब्द कारखान्यांबद्दल. इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातच म्हटले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा १९९१ चा हिशेब तर सांगतो की सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी एका माणसाने २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये. आपल्या सिमेंटचे पोते ५० किलोचे! माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यामागे कामगारांनी केलेली चळवळ होती. इथे बसलेल्या सुपरवायझर आणि ठेकेदार बंधूंना मी एवढेच म्हणेन की हातगाडी, ट्रॉली आणि दुसरा माणूस यांचा खर्च एका शस्त्रक्रियेपेक्षा कमी असतो.

ओझे उचलायचे शास्त्र अगदी तराजूसारखे आहे. २० किलोची वस्तू शरीरापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, आणि पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात असे धरले, तर स्नायूंना आठपट, म्हणजे १६० किलोचा जोर लावावा लागतो. तीच वस्तू पोटाजवळ २० सेंटिमीटरवर आणली की जोर निम्मा होतो. म्हणून नियम सोपा : ओझ्याजवळ जा, पाय फाकवा, गुडघ्यात वाका, ओझे पोटाशी घ्या, मग पायांच्या जोरावर उठा. ओझे हातात असताना कंबरेत पिळू नका. वळायचे असेल तर पावले वळवा.

हेच वहिनींना आणि मावश्यांना. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो. तो एकटीने उचलू नका, कडेवर फिरवत सरकवा किंवा कुणाला तरी हाक मारा. पाण्याची एक मोठी बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्ध्या-अर्ध्या न्या. लांब दांड्याचा पोछा घ्या. पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होतात, तेव्हा दूध, नाचणी, सकाळचे ऊन आणि डॉक्टरांनी सांगितलेले कॅल्शियम टाळू नका. घरातल्या सगळ्यांचे दुखणे काढून झाल्यावर आपली कंबर दाखवायची, ही आपल्या बायकांची सवय मोडली पाहिजे.

तरुणांना मोबाइलबद्दल. डोके साधारण ५ किलोचे. एका अमेरिकन सर्जनने २०१४ साली गणित मांडले की मान ६० अंश खाली झुकवली तर तिच्यावरचा भार २७ किलोंच्या आसपास जातो. फोन डोळ्यांच्या पातळीवर आणा, उशी एकच आणि बेताची घ्या, अर्धा तास बसले की दोन मिनिटे उठा. बिडी-सिगारेट सोडा, कारण तिने चकतीचे पोषण घटते. आणि रोज वीस-तीस मिनिटे भराभर चाला. दुखणे ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे आणि पाठीचे चार व्यायाम शिकून घ्या आणि ते बरे वाटल्यावरही सोडू नका. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या लोकांना शस्त्रक्रिया पुरणार नाही. चालणे मात्र सगळ्यांना परवडते.

आता विसर्जन जवळ आले आहे. कार्यकर्त्यांना शेवटची सूचना. मूर्ती उचलताना एकाने मोजायचे, सगळ्यांनी एकदम उचलायचे, आणि ज्याची कंबर आधीच दुखते त्याने फक्त घोषणा द्यायच्या. ढोलाचा पट्टा एका खांद्यावर लोंबू देऊ नका, अंगाला घट्ट बांधा आणि आळीपाळीने वाजवा. गाडीतून उतरवताना पाय घसरणार नाही अशी जागा आधी बघून ठेवा.

ज्यांना शंका असतील त्यांनी आरतीनंतर थांबावे, मी इथेच आहे. एमआरआयच्या फिल्म आणल्या असतील तर आणा, पण त्याआधी मी तुम्हाला चालून दाखवायला सांगेन.

गणपती बाप्पा मोरया!